टिटवीची राखण

गेली बावीस वर्षं मी तासगावजवळच्या एका शाळेत शिकवते. झाडं लावा, पक्षी वाचवा, असं फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण माणूस एखादा जीव राखायला का उभा राहतो, हे मला कळलं ते गेल्या उन्हाळ्यात, आमच्याच रानात. तेही माझ्या सासऱ्यांमुळे, ज्यांना माझ्या पोस्टरांचं कायम हसू यायचं. "कागदावर लय जंगल वाढलं गं तुमचं," म्हणायचे.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, गाव आबा म्हणतं. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. द्राक्षबागेपलीकडचं पडीक रान नांगरायला त्यांनी गावातल्या ट्रॅक्टरवाल्या चाचांना बोलावलं होतं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी न्याहारी घेऊन गेले. निम्मं रान नांगरून झालं आणि एकाएकी एक टिटवी कलकलाट करत थेट चाचांच्या डोक्यावर झेपावली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तर त्यांची टोपीच पडली! चाचांनी करकचून ब्रेक मारला, खाली उतरले आणि ओरडले, "आबा, पळत या! वैनी, तुमी बी या!"

पुढच्या चाकापासून दोन हातांवर, उघड्या मातीत, चार अंडी. ढेकळांच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची. जरा नजर हलली की दिसेनाशी व्हायची. टिटवी मी पुस्तकातून शिकवली होती. तिची अंडी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"उचलून बांधावर ठिवू का?" चाचांनी विचारलं.

"नको, नको! जागा बदलली तर ती परत बसायची नाही," मी म्हणाले.

मला वाटलं, मामा आता म्हणणार, चालव ट्रॅक्टर. पण ते वाकले, चार दगड वेचले आणि अंड्यांच्या चारी बाजूंना मांडले. "येवढं रान सोड," ते म्हणाले. "मूठभर जीव, पर ट्रॅक्टरवर चालून आली. पोस्ट सोडली न्हाई तिनं."

खरी गंमत पुढं झाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानातल्या गड्यानं विचारलं, "आबा, मधीच तुकडा का सोडलाय?"

"टिटवी बसलीया. मी राखतोय," मामा म्हणाले.

झालं! शब्द तोंडातून गेला. दोन दिवसांत दूध डेअरीवर जो भेटेल तो विचारायला लागला, "काय आबा, अंडी हायती न्हवं?" आता माघार कसली? मामा सकाळ-संध्याकाळ रानात. काठी घेऊन कुत्री हाकलायची, मुंगूस दिसलं की सत्तरीतला माणूस धावत सुटायचा. चाचांचं काम कधीच संपलं होतं, तरी तेही रोज वाट वाकडी करून यायचे. मी विचारलं, "चाचा, रान तुमचं नाही, मग तुम्ही का येता?"

ते लाजून हसले. "वैनी, दोन हात फुडं गेलो असतो तर? तवापास्नं ती माजीच वाटतीया."

मी थक्क झाले. आधी माया लागते आणि मग माणूस राखायला लागतो, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. इथं तर राखता राखता माया लागत होती, माझ्या डोळ्यांदेखत!

महिना व्हायला आला आणि एका सकाळी मामांचा फोन आला. "पोरी, फुटली! अंडी फुटली!" भाकरी तव्यावरून उतरवली आणि मी तशीच पळाले. कापसाच्या बोळ्याएवढी तीन पिल्लं, काडीसारख्या पायांवर तुरुतुरु पळत होती. आई ओरडली की जागच्या जागी थिजायची, मातीच होऊन जायची. चौथं अंडं फुटलंच नाही. मामा चाचांचा हात धरून गदागदा हलवत म्हणाले, "तीन तर तीन, गड्या! जितलो!"

जूनमध्ये शाळा भरली, तेव्हा मी पोस्टरं काढायला सांगितलं नाही. म्हटलं, आपल्या रानातला एक जीव शोधा आणि तीन माणसांना मोठ्यानं सांगा, हा मी राखणार.

दुसऱ्या दिवशी सातवीतली एक पोरगी धापा टाकत वर्गात शिरली. "बाई, आमच्या हिरीवरच्या बाभळीला सुगरणीची नऊ घरटी हायती! मी आज्ज्याला सांगून टाकलं, बाभळ तोडायची न्हाई!"

"मग? आज्जा व्हय म्हणाला?"

"आजून न्हाई," ती म्हणाली. "पर म्हणंल की!"