नाव नसलेल्या नळ्या

अर्णव, सई,

नंदाआजी गेल्याला महिना होऊन गेला. बातमी कळवली तेव्हा तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, ती नेमकं काय काम करायची? सांगते म्हटलं... आणि फोन ठेवला. इतकी वर्षं तिची वहिनी असून मला ते धड सांगता येईना. म्हणून आता, जमेल तसं लिहून ठेवते.

नंदा तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. मुलुंडला आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहायची. देशात एचआयव्हीची लागण किती जणांना असेल, याचा अंदाज बांधणाऱ्यांपैकी ती एक. सगळ्या देशाचं रक्त कोण तपासणार? मग दवाखान्यांत गरोदर बायकांचं इतर तपासण्यांसाठी घेतलेलं रक्त उरे, त्या नळ्यांवरची नावं काढून टाकत, मग तपासत आणि त्यावरून हिशेब मांडत. नावच नाही म्हणजे कुणाची बदनामी नाही, हे मला पटे. पण जिला लागण आहे तिला कळवायचं कोणी? हे विचारलं की नंदा चहा ढवळत बसे.

पुढे निवडक घरांत जाऊन रक्त तपासायची पाहणी झाली आणि आधीचा अंदाज फारच मोठा होता असं निघालं. मी पेढे आणले. ती म्हणाली, "वहिनी, कोणी बरं झालेलं नाही गं. आमचंच चुकलं होतं." पेढा मात्र खाल्ला. तिला हायसं वाटलं होतं की ती खचली होती, मला कळलं नाही.

त्याच सुमारास आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईचा नवरा गेला. तिला शैला म्हणू. खरं नाव लिहीत नाही. तो कशाने गेला याची जिन्यात कुजबुज चाले. एके दुपारी ती तान्ह्या मुलीला घेऊन नंदाकडे आली. मी तिथेच भाजी निवडत होते.

"ताई, दवाखान्यात माझं पण रक्त घेतलं होतं. तुमच्या मोजणीत असेल ना? काय ते सांगून टाका."

"नावं काढलेली असतात. मला शोधता येत नाही."

"काढलीत तुम्हीच ना?"

 दुसऱ्या दिवशी रजा टाकून नंदाने दोघी मायलेकींना तपासणीला नेलं. नंदा आणि शैला परत आल्या तेव्हा दोघींचे डोळे सुजलेले होते आणि कशावर तरी हसत होत्या. काय निघालं, ते नंदाने मला कधीच सांगितलं नाही. मी चिडले, तर म्हणाली, "ते तिचं आहे, वहिनी."

त्यानंतर दर महिन्याला दोघी बरोबर कुठेतरी जात. औषधाला की नुसत्या बाजाराला, कोण जाणे. नळ्यांवरची नावं काढणं आणि हे एक नाव झाकून ठेवणं, एकच गोष्ट की अगदी उलट? मला अजून उलगडत नाही...

गेल्या आठवड्यात शैला दारात आली. "काकू, एकटीला जायचा कंटाळा येतो. येता का?"

मी साडी बदलली आणि निघाले. कुठे गेलो, ते तुम्हालाही सांगणार नाही.

नंदा नाही. शैला आहे, तिची मुलगी कॉलेजात जाते, आणि पुढच्या महिन्यात आम्ही दोघी पुन्हा जाणार आहोत.