न पिता चढलेली चरबी

माझ्या यकृतावर चरबी चढल्याची बातमी मला नीट समजायच्या आधीच अल्लीपूरच्या पानठेल्यावर पोचली, आणि तिथून फिरून घरी आली तोवर मी दारुडा झालो होतो.

आमचं गावात वडिलांपासूनचं किराण्याचं दुकान. सकाळी गादीवर बसलो की थेट रात्री उठायचो. मधल्या वेळातली हालचाल म्हणजे शेवेच्या डब्यापर्यंत हात नेणं. (माल ताजा आहे की नाही, हे दुकानदारानं पाहायला नको?) दोन हजार सालानंतरची गोष्ट. उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं म्हणून बायको, सुमन, मला सेवाग्रामला घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहिली आणि विचारलं, "दारू घेता?"

"आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे!" मी म्हणालो.

त्या गालातल्या गालात हसल्या. (दारूबंदीमुळे आमच्याकडे दारू दुकानात मिळत नाही. बाकी सगळीकडे मिळते.) मग त्यांनी समजावलं, की न पिणाऱ्याच्या यकृतावरही चरबी चढते. आतड्यात असंख्य जंतू राहतात. काही कामाचे, काही उपद्रवी. माणूस बसून राहिला, गोड-तेलकट खात राहिला की उपद्रवी माजतात, आणि त्यांचा त्रास यकृतापर्यंत जातो. "चालायला लागलात की चरबी उतरेल. कामाच्या जंतूंनाही त्यानं बळ येतं, असं आता दिसायला लागलंय. गोळी नाही. चाला."

मला चरबीची भीती नव्हती. भीती होती बाबांची. माझे वडील तरुणपणी दारूबंदीच्या मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे असत. मोहाच्या दारूची मडकी त्यांनी स्वतःच्या हातानं फोडली होती. पिणाऱ्याच्या घरचं ते पाणीसुद्धा घेत नसत. आणि दुसऱ्याच दिवशी सुमननं पिठाच्या गिरणीवर चार बायकांत भोळेपणानं सांगून टाकलं, "यायच्या लिव्हरवर आलं हाय."

झालं! आमच्या भागात लिव्हर हा अवयव फक्त पिणाऱ्यांनाच असतो. बाकीच्यांना पोट असतं.

संध्याकाळी बाबा दुकानात आले. मी जंतूंपासून सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जंतू चांगला कसा अशीन बे?" ते म्हणाले. "माणूस चांगला नाई राह्यला, तं जंतू काय राह्यते?"

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या शेजारी जेवायला बसणं सोडलं. ताट घेऊन ते मागच्या खोलीत जात. रागावले असते तर मी भांडलो असतो. ते नुसतं दार लावून घेत. रोज त्या बंद दाराकडे पाहत मी भाकरी खायचो.

मी चालायला सुरुवात केली. पण आमच्या गावात कोणी उगाच चालत नाही. पहिल्याच सकाळी हिंगणघाटच्या रस्त्यावर शेजारचे गुलाबराव बैलबंडी घेऊन आले.

"काऊन भाऊ, फटफटी बिघडली का?"

"नाई, चालून राह्यलो."

"काऊन? घरी भांडण झालं का?"

"तब्येतीसाठी."

"तब्येत बरी नाई आन् चालून राह्यले? अजब माणूस हाय बापा! बसा!"

नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या बैलांचा अपमान. बसलो. त्यांनी मला घरापर्यंत सोडलं आणि कपभर साखरेत बोटभर चहा घालून पाजला. दुसऱ्या दिवशी कोणाची स्कूटर, तिसऱ्या दिवशी दूधवाला! गावात माझ्याबद्दल इतकी माया आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. महिन्याभरात मी बराच फिरलो, सगळं बसून. वजन वाढलं.

शेवटी मी नाल्याकडची पायवाट धरली. तिकडे कोणी लिफ्ट देत नव्हतं. तिकडे कोणी कोणाला ओळखच देत नव्हतं. भल्या पहाटे माणसं तोंड वळवून झुडपांत शिरत आणि थोड्या वेळानं प्रसन्न होऊन निघत. मला वाटलं, काय शिस्तीचे लोक आहेत! त्या झुडपांत मोहाची भट्टी आहे, हे अख्ख्या गावात मला एकट्यालाच माहीत नव्हतं.

त्यात डॉक्टरीणबाईंनी पाणी भरपूर प्यायला सांगितलेलं, म्हणून हातात बाटली. परतताना तोंड लालबुंद, पाय लटपटत. (सवय नव्हती हो!) त्यातून सुमननं कामाच्या जंतूंचा पाहुणचार मांडलेला. सकाळी भिजवलेले मूग, दुपारी चवळी, संध्याकाळी मटकी. जंतू तृप्त झाले असतील, पण माझ्या पोटात वात मावेना. म्हणून मी सारखी बडीशेप चघळायचो.

एका सकाळी बाबा ओट्यावर उभे होते. जवळ येऊन त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला.

"बडीशेप," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

कोर्टात एवढा पुरावा मिळाला असता तर वकील घरी गेला असता!

"बाबा, तुमची आन घेऊन सांगतो..."

"माही आन घेऊ नको. मले अजून जगाचं हाय."

दोनच दिवसांनी बाबा माझ्या मागोमाग निघाले. मला पत्ता नव्हता. रंगेहाथ पकडायचं म्हणून खादीचा सदरा घालून ते नाल्याकाठच्या बाभळीआड दबा धरून बसले. आणि नेमकी त्याच पहाटे पोलिसांची धाड पडली!

झुडपांतून माणसं उधळली. मीही पळालो. मी का पळालो, हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही. सगळे पळत होते, एकटा थांबलो असतो तर वाईट दिसलं असतं. नांगरटीतून, काट्यांतून असा धावलो, की डॉक्टरीणबाईंनी पाहिलं असतं तर धन्य झाल्या असत्या. सापडले फक्त बाबा. बसून बसून त्यांचे गुडघे आखडले होते.

"काय आजोबा, या वयात?" शिपाई म्हणाला.

"मी दारूबंदीवाला हाओ!" बाबा गरजले.

"पकडल्यावर सगळे तेच सांगते. चढा गाडीत."

दोन्हीकडून दोन दारुडे आणि मधे बाबा, अशी ती जीप भर बाजारातून गेली. चौकीत खरा प्रकार कळल्यावर साहेबांनी हात जोडून त्यांना सोडलं, पण बाबांच्या छातीत धडधड सुरू झाली ती थांबेना. आम्ही त्यांना सेवाग्रामला नेलं. वाटेत मी देवाला म्हणालो, सगळे मला दारुडा समजोत, पण म्हातारा जगू दे.

काळीज ठीक निघालं. नुसती धास्ती होती. पण सगळ्या तपासण्या करून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांच्याही यकृतावर चरबी आहे."

"मी आयुष्यात थेंब नाई घेतला!" बाबा उठून बसले.

"घ्यावाच लागत नाही, आजोबा. इतकी वर्षं गादीवर बसलात ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी पाहिलं. परत येताना घर दिसायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "सकाळी मलेबी उठवजो." एवढंच. त्या रात्री ते माझ्या शेजारी जेवायला बसले आणि मला रडू आलं. (चवळी असूनही.)

आम्ही बापलेक रोज सोबत चालू लागलो, आणि गावाला नवा विषय मिळाला. पोरानं म्हाताऱ्यालाही नादी लावलं! एकदा गुलाबरावांनी बंडी थांबवून तोंडावरच विचारलं, "काका, या वयात पोरानं तुमाले लावलं का हो?"

मी जंतू सांगायला तोंड उघडलं. बाबांनी हात वर केला.

"पोराले नावं नोका ठेवू," ते म्हणाले. "मीच पेत होतो. लपून. त्याच्या लिव्हरवर ते माह्यापासून आलं, तो नाई पेत."

गुलाबरावांची बंडी पुढे गेल्यावर मी ओरडलोच, "बाबा, काऊन असं खोटं बोलले?"

"खरं सांगून पाह्यलं ना? कोणी आयकलं का?" ते चालत चालत म्हणाले. "मंग तुह्यावर काऊन येऊ देऊ? तुले अजून या गावात दुकान चालवाचं हाय."

जन्मभर खोटं न बोललेल्या माणसाचं ते एकच खोटं, आणि गावानं लगेच विश्वास ठेवला! मला दारुडा म्हणणं बंद झालं. माझं यकृत सुधारलं, बाबांचंही सुधारलं. पुढे काही वर्षांनी ते गेले, ते झोपेत, म्हातारपणानं.

तेरवीला गुलाबराव आले. डोळे पुसत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका देवमाणूस होते भाऊ. एवढे पेत, पण पेऊन कधी कोणाले शिवी नाई देल्ली."

मी बाबांच्या फोटोकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणालो, "हो, तेवढं मात्र होतं."