चोक ओढणारा मेकॅनिक

शोरूमने गाडीच्या फ्युएल इंजेक्शनच्या नव्या कॉम्प्युटरचा भाव सांगितला आणि माझं डोकं फिरलं. द्वारका चौकाजवळच्या एका मेकॅनिककडून मी तिला सरळ कार्बोरेटर बसवून घेतला. मी घासाघीस करायचो तेव्हा तो एकेक बोट फडक्याने पुसत राहायचा. रुपया सोडला नाही, हे मी अजून विसरलेलो नाही.

मुलीच्या साखरपुड्याला निघताना गाडी चालू होईना, म्हणून त्यालाच बोलावून घेतलं. मी ॲक्सिलरेटरवर पाय आपटत राहिलो, तर त्याने चावीच काढून घेतली.

“शेठ, हिला आता चोक लागतो. ओढायचा आन् जरा थांबायचं.”

“मी कुणासाठी थांबत नाही.”

“म्हणून तर चावी माझ्याकडं हाय.”

थांबलो. कळवणला पोचल्यावर व्याह्यांनी मानपानाचा विषय काढला. मी आधी ग्लासभर पाणी प्यायलो, मगच बोललो. बायकोला वाटलं, माझी तब्येत बिघडली.