दोन जावा आणि एक खण

लॅपटॉप दुरुस्तीच्या त्या दुकानात दोघी जावा बसायच्या. थोरली बारा वर्षं टेबल सांभाळून होती. धाकटी आली परवा, आणि गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "धाकट्या वहिनी आहेत ना?" थोरलीच्या पोटात दुखायचं, त्यावर गोळी नव्हती.

एकदा एक मास्तरीणबाई लॅपटॉप घेऊन आल्या. "बहिणीच्या लॅपटॉपातही दोनच कोर, मग माझाच का रेंगाळतो?"

धाकटीनं टेबलाचा मधला खण ओढला. "कोर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे, आम्ही दोघी समजा. सामानाची खोली लांब, म्हणून सारखं लागणारं खणात ठेवतो. हा खण म्हणजे कॅश. बहिणीच्यात एकच खण दोघींचा. ह्या जाऊबाई नुसत्या बसल्या असल्या की अख्खा मला. तुमच्यात मधे फळी. एकीकडची जागा रिकामी पडली तरी दुसरीला नाही. तीच वस्तू दोन्हीकडे ठेवा, आणि एकीनं बदल केला की दुसरीला कळवा. कोर न चुकता कळवतात. आता आतली सिस्टिमही जुनी झालीय, सगळं साफ पुसून नव्यानं भरते."

बाई हसल्या. थोरलीला मात्र ते "नुसत्या बसल्या" जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी तिनं खणात फळी ठोकली आणि कामांच्या वह्याही दोन केल्या.

"जाऊबाई, काही बदललं तर सांगाल ना?"

"सांगीन की. तोंड आहे मला."

दुपारी बाईंचा फोन आला, आत आईचे फोटो आहेत, पुसू नका. थोरलीनं आपल्या वहीत लिहिलं आणि गप्प बसली. फोटो आपण वाचवू, नाव आपलं होईल. ती जेवायला गेली, तेवढ्यात धाकटीनं आपल्या वहीत बघून सगळं पुसलं.

संध्याकाळी बाई आल्या आणि धाकटीवर कडाडल्या. थोरलीला घटकाभर गार वाटलं, खोटं कशाला बोला. पण धाकटी एवढंसं तोंड करून पुटपुटत होती, "माझ्याकडे तर पुसायचंच लिहिलंय." थोरलीनं आपली वही पुढे सरकवली.

"फोन मी घेतला होता. हिला सांगितलं नाही."

"विसरलात?" बाईंनी विचारलं.

"नाही. मुद्दाम."

धाकटीनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "पुसलंय, पण वर काही भरलं नाही अजून. फोटो निघतील."

दोघींनी दोन दिवस खपून फोटो काढले. वीसेक गेलेच. जाताना बाई म्हणाल्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे हो."

थोरलीनं मान डोलावली. ती तारीफ तिनं आपलीच वही पुढे सरकवून जावेच्या पदरात टाकली होती. तरी गिळायला जडच गेली.