ओव्हाळ मॅडमचं आभाळ

ओव्हाळ मॅडमपुढे कुणी आकडा उच्चारला की त्या भुवई चढवून विचारायच्या, "कमीजास्त किती?" कंडक्टर म्हणाला गाडी दहा मिनिटांत सुटेल, की "कमीजास्त किती?" त्यांना बघायला आलेल्या एका स्थळाच्या मामाने मुलाची उंची पाच फूट आठ इंच सांगितली, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मामाने चहा अर्धा टाकला. ते स्थळ हातचं गेलं, आणि त्याचं मॅडमना फारसं काही वाटलेलं मला तरी दिसलं नाही.

आमचं कॉलेज शिरूरच्या बाहेर, कांद्याच्या रानांच्या मधोमध. मॅडम तिथे फिजिक्स शिकवायच्या आणि मी मराठी. म्हणजे कागदावर मराठी. खरं काम संस्थेच्या बातम्या लिहिण्याचं. संस्थाचालक आप्पांनी बोअरवेलला नारळ फोडला तरी मी 'ज्ञानगंगेचा उगम' असा मथळा देत असे. पहिल्याच भेटीत मॅडमनी माझी एक बातमी वाचली आणि म्हणाल्या, "सर, ह्यातली विशेषणं काढली तर खाली काय उरतं?"

"तारीख," मी म्हणालो.

"मग तारीखच छापा की."

त्या भांडगावच्या. भावाचं एकरभर रान होतं, घर तिथेच. रोज चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे एसटीने यायच्या. पीएच.डी. झालेली बाई, पण नेमणूक तासावरची: शिकवाल तेवढ्याचेच पैसे, आणि दर जूनला आप्पांच्या ओसरीवर पुन्हा हजेरी. आमच्याकडे कायम व्हायला एक तर आप्पांशी नातं लागतं, नाही तर आप्पांच्या व्याह्याशी. मॅडमकडे नुसतं फिजिक्स होतं, आणि आमच्या कॉलेजात फिजिक्सला कोण विचारतो!

एका हिवाळ्यात त्यांनी कारेगावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून माणसाएवढं पत्र्याचं चौकोनी नरसाळं करून आणलं आणि गच्चीवर आभाळाकडे तोंड करून बसवलं. बुडाशी डिश अँटेनाचा एक भाग, आणि त्याला जोडलेलं मोजायचं यंत्र. मी विचारलं, हे काय पाऊस गोळा करायला? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. रागावल्या किंवा रंगात आल्या की त्यांची भाषा थेट भांडगावला जायची.

"सर, चुलीवरनं तवा उतरवला तरी लई येळ कोमट राहतो का न्हाई? विश्व नवंनवं व्हतं तवा असंच रटरटत व्हतं. त्याची ऊब अजून समद्या आभाळात उरलीय. आता ती इतकी निवलीय, का तिच्यापुढं बर्फ म्हंजी निखारा. पन हाय. ह्या नरसाळ्यात येती."

"मग सापडली की!"

"ऊब कुनालाबी सापडंल. मला तिच्यातला फरक बघायचाय. आपन ज्या अंगाला पळतोय तिकडं ती केसभर जास्त, पाठीमागं केसभर कमी. अंशाचे हजार तुकडे करा, त्यातले तीनेक. पृथ्वी फिरती, तवा नरसाळं जाग्यावर ठेवलं तरी आभाळ त्याच्यापुढनं सरकत राहतं. फरक सापडला तर यंत्राची रेघ वर चढंल आन् खाली उतरंल."

यंत्राचे आकडे जुळवून घ्यायला थंडपणा नेमका ठाऊक असलेली एखादी वस्तू लागते. ती त्यांनी जनावरांच्या डॉक्टरकडून मिळवली. गाई भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतनाला, येतो तो डॉक्टर मोटारसायकलला जे द्रव नायट्रोजनचं कॅन बांधून फिरतो, तेच. कॅन गच्चीवर चढताना पाहून आप्पांनी विचारलं होतं, "मॅडम, वर गाई बांधल्यात का काय?" त्याच वेळी मॅडमनी त्यांच्याकडे एक चांगली बॅटरी मागितली. आप्पा म्हणाले, "लाइट हाय की!" आणि त्या वर्षी कॉलेजला कमान बांधली. कमानीवर आप्पांच्या वडिलांचं नाव आहे, आप्पांचं आहे, आणि जागा उरली म्हणून सरस्वती आहे.

पुढे रेघ खरोखरच चढली. रोज रात्री वर, दिवसा खाली. रात्री ऊन नसतं, त्यामुळे पत्रा तापल्याची शंकाही नको. स्टाफरूममध्ये पेढे आले. ज्यांना सूर्य कुठल्या बाजूने उगवतो हे शिपायाला विचारावं लागतं, ते लोक मला विश्वाची उत्पत्ती समजावू लागले. आप्पांनी रेघेचा फ्लेक्स छापायला टाकला, कारण कॉलेजचं मूल्यांकन करणारी समिती यायची होती. मॅडमना बोलावून ते म्हणाले, "पाव्हण्यांपुढं एवढं झ्याक मांडा. औंदा तुमची कायमची ऑर्डर माझ्याकडं लागली."

मॅडम तेवढ्या खूश दिसेनात. "लई चढतीय सर. आभाळ इतकं दानशूर नसतं," असं म्हणत त्या रोज गच्चीवर जात राहिल्या.

समिती यायच्या आठवड्यात त्या सकाळीच माझ्यासमोर येऊन बसल्या. चेहरा उतरलेला. "सर, रेघेनं पाळी बदलली."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. शेतीची थ्री फेज वीज आमच्याकडे पाळीने येते, कधी रात्रीची, कधी दिवसाची. सोमवारपासून दिवसाची पाळी लागली. घरी भाऊ रात्रीऐवजी दिवसा कांद्याला पाणी द्यायला निघाला, आणि गच्चीवरची रेघही रात्रीऐवजी दिवसा चढायला लागली. सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आमच्या कॉलेजच्या विजेचा दाब पडतो. त्यासरशी यंत्र आकडे बदलून दाखवतं. आभाळाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

त्या तशाच आप्पांकडे गेल्या. मी सोबत होतो. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रेघ वर जातीय का न्हाई?"

"जातीय."

"मग झालं की. मोटारीचं कोन इचारतंय?"

"मी इचारतीय, आप्पा."

"तुम्ही ऑर्डरीचं बगा," आप्पा म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

समितीत तीन विद्वान होते. एक डुलकी घेत होता, एक मोबाइल चाचपत होता, तिसरा काजू वेचत होता. फ्लेक्स भिंतभर. मॅडम उठल्या, साडीचा पदर खोचला आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "ही रेघ आकाशाची नाही. ती शिरूर तालुक्यातल्या कांद्याला दिलेल्या पाण्याची आहे." मग चूक कशी झाली, कशी सापडली, सगळं नीट सांगितलं. आप्पांचा चेहरा कांद्याहून लाल झाला.

मला वाटलं, संपलं कॉलेज. पण विद्वत्तेला कमी लेखू नये. काजूवाले गृहस्थ मान डोलावत म्हणाले, "वा! म्हणजे शेतकऱ्यांसाठी संशोधन!" आणि मॅडम "नाही हो, तसं नाही" म्हणेपर्यंत त्यांनी लिहूनही टाकलं. ग्रामीण जीवनाशी निगडित संशोधनाबद्दल आम्हाला खास गुण मिळाले. त्याची बातमी मीच लिहिली, आणि आप्पांनी हार घालून घेतला.

मॅडमना मात्र सांगण्यात आलं की जूनपासून तास नाहीत. भर सभेत खरं बोलणाऱ्या माणसाला आमच्या संस्थेत तासावरसुद्धा ठेवत नाहीत. त्यांच्या जागी आप्पांचा भाचेजावई आला. तो अजून थर्मामीटर उलटा धरतो.

जायच्या आधी त्यांनी भावाच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून यंत्र तिच्यावर चालवलं. रेघ सरळ आली. चढ नाही, उतार नाही. मी हळहळलो, तर त्या हसत होत्या. "सर, आता काईच दिसलं न्हाई, पन खात्रीनं! फरक हाय, पन माझं नरसाळं त्याला पुरं पडत न्हाई. एवढं तरी कळलं." ज्या बाईची नोकरी गेली तिला असं हसताना पाहून मला रडू आलं. ते मी लपवलंही नाही.

शेवटच्या दिवशी मी त्यांना शिरूरच्या स्टँडवर सोडायला गेलो. दौंडला एका क्लासमध्ये अकरावीची पोरं शिकवायचं ठरलं होतं. तिथे फॉर्म्युले पाठ करून घेतात, 'का?' असं विचारलेलं चालत नाही. माझा संताप आवरेना. "मॅडम, त्या दिवशी गप्प बसला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? त्या तीन ठोंब्यांना काय कळणार होतं?"

"त्यांचं सोडा हो," त्या म्हणाल्या. "पन उद्या मोठं नरसाळं करीन. तवा रेघ खरंच चढली, आन् माझाच माझ्यावर इस्वास बसला न्हाई, तर मी कुनाला इचारू?"

तेवढ्यात चौफुल्याची गाडी लागली. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते. मी म्हणालो, द्या, मी तुमचा रुमाल टाकतो. "रुमाल बसवून त्याला माणूस म्हणायचं व्हय?" असं म्हणून त्या रांगेने चढल्या. आत जागा नव्हती. त्या उभ्याच गेल्या.