गुरुवारचा उपग्रह आणि तळाचं गवत

मी काकांना वार सांगितला, हीच माझी चूक. उपग्रह गुरुवारी सकाळी आपल्या तलावावरून जाणार, एवढंच बोलले. त्यानंतर कितीदा जीभ चावली असेल!

आमचं गाव वडनेरकडचं. काका तिथल्या तलावात मासे धरतात. तळाशी असं गवत माजलंय की जाळं टाकलं की अडकतं, ओढलं की फाटतं. वरून पाहाल तर पाणी नितळ. गवत काढायचं मशीन मागितलं, तर मत्स्यखात्याचे साहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत उपग्रहाच्या नकाशात गवत दाखवा, पाठवतो मशीन." आणि ते नकाशे करतं कोण? मीच, वर्ध्यात त्यांच्याच कार्यालयात कंत्राटावर बसून. म्हटलं चला, एकदा तरी ही नोकरी घरच्यांच्या कामी येईल.

पाणी नितळ असलं, ऊन असलं, की खालचं गवत फोटोत काळपट दिसतं. त्या गुरुवारी आभाळ अगदी स्वच्छ होतं. फोटो उघडला आणि डोकंच फिरलं. अख्खा तलाव मातकट, नुसता चहा! लगेच फोन लावला.

"काका, पाऊस ना पाणी, तलाव गढूळ काऊन झाला?"

"अवं, तूनंच त सांगतलं फोटो निघते म्हून," काका खुशीत. "गवत तळाशी दबून राह्यते, त्याले कसं दिसन? आमी सकाळीच डोंगे काढले अन् बांबूनं सारं ढवळून वर आणलं. धुतलेले सदरे घालून गेलतो सारे."

चिडावं तरी कुणावर? उपग्रहाच्या पुढच्या फेरीला आभाळ भरून आलं, आणि मग महिनाच संपला. साहेबांना हात जोडले, एकदा तलावावर चला, पाण्यात हात घालून पाहा म्हटलं. "नकाशात नाही ना? मग नाही." दगडावर डोकं आपटलेलं परवडलं. वर अहवालात 'गवत आढळले नाही' हे मलाच टाइप करावं लागलं.

संध्याकाळी काकांचा फोन. "दिसलं का वं गवत?"

"नाई काका. गाळानं झाकलं. मशीन नाई येत आता."

काका म्हणाले, "अन् आमी? आमी तरी दिसलो का?"

त्या फोटोच्या एका ठिपक्यात अख्खं घर मावतं.

"नाई," मी म्हटलं.