ओट्याखालचा माणूस

‘उपचारासाठी नांदेडला आलेल्या या दानशूर अडत्याने येथेच देह ठेवला. गोदाकाठी अंत्यसंस्कार होऊन अस्थी नदीत विसर्जित झाल्या. लातूरच्या शेतातील ओटा हे केवळ स्मृतिस्थळ होय.’

दोन्ही शहरांतील कर्तृत्ववान माणसांवर नुकत्याच निघालेल्या जाडजूड ग्रंथातली ही तीन वाक्ये. पहिले खरे आहे. उरलेली दोन खोटी आहेत, आणि ती खोडल्यावाचून मी गप्प बसणार नाही.

हे गृहस्थ लातूरच्या भुसार बाजारात अडतीचे दुकान चालवीत. दुकानामागच्या गोदामात त्यांनी खेड्यांवरून शिकायला आलेल्या आम्हा पोरांना राहू दिले. तुरीची आवक वाढली की आम्ही पोत्यांवर चढून अभ्यास करीत असू. ओसरली की पुन्हा फरशीवर. संध्याकाळी ते येऊन विचारीत, “आज काय शिकवलं रे?” आम्ही सांगू लागलो की मान हलवीत. “न्हाई कळलं. पुन्हा सांग.” त्यांना कळेपर्यंत सांगता सांगता आम्हाला कळे. ते नाटक होते की खरेच त्यांना कळत नसे, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. आज शहराच्या भिंती शिकवण्यांच्या जाहिरातींनी झाकल्या आहेत. त्या गोदामाची आठवण कोणी काढत नाही. ग्रंथाने काढली, एवढे श्रेय मी देतो.

परंतु ग्रंथ बाहेर पडला आणि त्यांच्या कन्येचा मला फोन आला. पुतण्यांनी शेत विकले होते. ओट्याला हात लावायचा नाही, एवढा एकच शब्द तिने घेणाऱ्यांकडून घेतला होता.

“अण्णा, प्लॉटिंगवाले पुस्तक दाखवायलेत. म्हणतात, खाली कायबी न्हाई, ओटा कोपऱ्यात सरकवतो, वर चांगली फरशी बसवून देतो. सरकवायला तो काय पलंग हाय?”

मी दुसऱ्याच दिवशी नांदेड गाठले. ग्रंथकर्ते प्राध्यापक आहेत. त्यांनी आदराने खुर्ची पुढे केली.

“सर, एवढ्या उन्हात कशाला आलात?”

“ऊन सोसवते. तुमचा ग्रंथ सोसवत नाही. अस्थी नदीत गेल्या, हे तुम्हाला कोणी सांगितले?”

“सांगायला कशाला हवे? वारले इथे, नदी इथे. दुसरीकडे कुठे जातील?”

“त्यांच्या घरची रीत विचारली होती?”

“मी इतिहास लिहितो, सर. कोणाची जात-पंथ विचारत नाही.”

हे ते अभिमानाने म्हणाले, आणि तत्त्व म्हणून मला ते मान्यही आहे. परंतु एखाद्याला शेवटचा निरोप कसा दिला हे छापायचे असेल, तर त्याच्या घरी निरोप कसा देतात हे विचारावेच लागते. न विचारता लिहिले की लेखक सर्वांना आपल्याच घरच्या रितीने पोहोचवून मोकळा होतो.

आमचे अडते लिंगायत होते. नांदेडहून त्यांना त्याच दिवशी जीपने लातूरला आणले. शेतात, आज ओटा आहे तिथेच, खड्डा तयार होता. विधी करणारे जंगम सांगत गेले तसे आम्ही त्यांना मांडी घालून खाली बसवले, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवले, आणि माती पडू लागेपर्यंत त्यांचे खांदे मी धरून होतो. त्या देहाला अग्नी कधी दिलाच नाही.